सुईच्या आधीचे दोन प्रश्न

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की विसेक किलोमीटरवर झरी येतं. काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीन-तुरीचा मुलूख. इथल्यासारख्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या ओपीडीला बसलेल्या डॉक्टरच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : "कंबर लई दुखायलीय, सायेब. सुई द्या." कंबरेच्या जागी कधी गुडघे असतात, कधी खांदा, कधी मान, आणि वय झालेल्या बाईच्या तोंडी बहुतेक वेळा 'सगळंच अंग'. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की ही रांग लांबते.

सुई मिळते. ती बहुधा डायक्लोफिनॅकची असते. सोबत तीन दिवसांच्या गोळ्या, त्या पोटाला लागू नयेत म्हणून पित्ताची एक गोळी. या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागतात आणि डॉक्टरच्या हाताशी माणशी तेवढीच असतात. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येला एक केंद्र, हा सरकारी हिशेब. आठवड्याने तीच बाई पुन्हा येते, कारण शेत तेच असतं, खुरपं तेच असतं आणि वाकणंही तेच.

त्याच रांगेत एक चाळिशीचा माणूस असतो. त्याला 'अशक्तपणा' आलेला असतो, झोप येत नसते, हातांना कापरं असतं. त्याला सलाईन हवं असतं. दारूचं तो सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. विचारून करायचं काय, हे डॉक्टरला कुणी शिकवलेलं नसतं. रांगेतली तिसरी बाई हिरड्या दुखतात म्हणून मिश्री लावायला लागली होती. आता मिश्री लावली नाही तर तिचं डोकं दुखतं.

वैद्यकीय अभ्यासक्रमात दुखणं एका विभागात शिकवतात, व्यसन दुसऱ्या विभागात, आणि दोन्ही घाईघाईनं. रोगी मात्र दोन्ही घेऊन एकाच बाकावर येऊन बसतो. त्या बाकासमोरच्या खुर्चीतल्या माणसाला, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो, समुदाय आरोग्य अधिकारी असो की आशाताई, काय शिकवायला हवं आणि कसं शिकवलं की ते अंगी मुरतं, हा या प्रकरणाचा विषय आहे. 'काय' या प्रश्नाचं उत्तर आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. अडतं ते 'कसं'पाशी.

आधी आकार पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेलं देशव्यापी व्यसन सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यांतल्या साधारण ५ कोटी ७० लाख लोकांचं पिणं मदत लागावी इतकं हाताबाहेर गेलेलं. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकाला कसलीतरी मदत मिळते आणि दर १८० जणांमागे एकाला दाखल होऊन उपचार मिळतात. तंबाखूचं म्हणाल तर २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांत धूर काढणारे थोडे. खाणारे, लावणारे, चघळणारे जास्त. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, हे वाचकांना माहीत आहे, आणि तो कुठे मिळतो हेही.

३८ जणांमागे एक, म्हणजे ३७ जण वाऱ्यावर. हे ३७ जण दवाखान्यात येतच नाहीत असं समजण्याचं कारण नाही. ते येतात, पोटासाठी येतात, पडून हाड मोडलं म्हणून येतात, रक्तदाबासाठी येतात, कंबरेसाठी येतात. व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढायला माणसाला अनेक वर्षं लागतात, सरकारी दवाखान्याची पायरी तो वर्षातून चार वेळा चढतो. म्हणून प्रशिक्षण जिथे द्यायचं ती जागा ही आहे.

दुखणं आणि नशा यांची सोयरीक जुनी आहे. दारू दुखणं खरोखरच काही तास बोथट करते. दिवसभर मोळ्या वाहिलेला माणूस 'अंग मोकळं होतं' म्हणतो तेव्हा तो बहाणा करत नसतो. नशा उतरताना मात्र शरीर उलट अधिक हळवं होतं, झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं कालच्यापेक्षा मोठं वाटतं. मग तेवढ्याने भागत नाही. त्यात वेदनाशामक गोळीची भर पडली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, कारण दारू आणि या गोळ्या दोघी जठराच्या अस्तरावर हात चालवतात. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी आटलेलं असताना रोज वेदनाशामक गोळी खाणाऱ्या शेतमजुराची मूत्रपिंडंही पणाला लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत तर गोळी ही कोयत्याइतकीच कामाची वस्तू होऊन बसते. मजुरी टनावर, सुट्टी घेतली की खाडा, आणि खाड्याला दंड. अशा वेळी 'विश्रांती घ्या' हा सल्ला देणारा डॉक्टर लोकांच्या हसण्याचा विषय होतो.

गोळ्यांचीही एक उतरंड आहे. पॅरासिटामॉलने भागेना की डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक. त्यानेही भागेना की ट्रामाडॉल. हे शेवटचं औषध अफूच्या कुळातलं. बरीच वर्षं ते साध्या चिठ्ठीवर मिळत होतं. एप्रिल २०१८मध्ये केंद्र सरकारने त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. झोपेच्या गोळ्यांची वेगळीच कथा. मराठवाड्यातल्या शहरांत पोलीस ज्या 'बटन' गोळ्या पकडतात त्यांतल्या बऱ्याचशा मुळात दवाखान्यात झोपेसाठी, फिटसाठी दिल्या जाणाऱ्या जातीच्याच असतात. औषध आणि नशा यांच्यामधली भिंत किती पातळ असते ते अमेरिकेने सगळ्यात महाग किमतीत शिकून घेतलं. तिथे १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं, साध्या कंबरदुखीलाही अफूजन्य गोळ्या लिहिण्याची रीत पडली, आणि २०२१ साली तिथे अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने मेलेल्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. तेव्हा ती द्रव्यं बहुतांशी बेकायदा होती. पण वाट घालून दिली होती ती चिठ्ठीवरच्या गोळ्यांनी. आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. पण गोळीवाचून दुसरं काही ठाऊक नसलेला डॉक्टर आपल्याकडेही आहे, आणि तो रोज शंभरेक चिठ्ठ्या लिहितो.

(जाता जाता : हेच डायक्लोफिनॅक जनावरांना टोचलं गेलं आणि त्या जनावरांची मढी खाऊन देशातली गिधाडं जवळजवळ संपली. जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर २००६ साली बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांवरही बंदी आली. एका सुईची सावली किती लांब पडू शकते, त्याचा हा नमुना.)

मग गोळीवाचून काय? इथे 'औषधाविना वेदनाव्यवस्थापन' असा भारदस्त शब्द ऐकला की लोकांना वाटतं, योग आणि तेलमालीश. तीही त्यात येतात. पण सुरुवात त्याच्या आधी, डॉक्टरच्या तोंडातल्या शब्दांपासून होते.

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं की गुडघ्यातून निघालेला इशारा सरळ मेंदूत जाऊन आदळत नाही. वाटेत, मज्जारज्जूत, एक दार असतं. स्पर्श, हालचाल, लक्ष, भीती, थकवा, झोप या सगळ्यांच्या हाताने ते दार कमी-जास्त उघडतं. त्या सिद्धान्ताचे तपशील पुढे बरेच बदलले, पण गाभा टिकला : दुखणं आणि इजा ही एकाच मापाची नसतात. इजा थोडी आणि दुखणं फार, असं असू शकतं, उलटही असतं. त्यामुळे तीन महिन्यांपेक्षा जुन्या कंबरदुखीत भीती हा एक मोठा घटक असतो, आणि ती भीती पुष्कळदा दवाखान्यातूनच मिळालेली असते.

'मणक्यात गॅप आलीय.' 'गादी सरकलीय.' 'हाडं झिजलीत, आता वाकायचं नाही.' ही तीन वाक्यं परभणीत ऐकू येतात, पुण्यातही येतात. एमआरआयची फिल्म पिशवीत घालून हिंडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. २०१५ साली एका संशोधकगटाने अशा हजारो लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे झीज ही पिकलेल्या केसांसारखी. असते, पण तीच दुखण्याचं कारण असते असं नाही. हे एकदा समजून सांगितलेल्या बाईला खुरपणी करताना आपला कणा तुटेल अशी धास्ती राहत नाही. गोळीने एवढं काम होत नाही.

अंथरुणाचंही तसंच. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका नामांकित अभ्यासात नुकती कंबर धरलेल्या लोकांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस झोपवलं, एकाला खास व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं, जमेल तसं रोजचं काम चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यात लवकर बरा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत समजावून सांगणं, व्यायाम, काही प्रकारची हस्तचिकित्सा आणि मनाच्या अंगाने केलेले उपचार यांची शिफारस आहे. अफूजन्य गोळ्या नेहमीच्या वापरातून बाद आहेत, आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानात टांगलेला कमरेचा पट्टाही बाद आहे. पट्टा विकणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

हे शिकवताना एक इशारा पहिल्या दिवशीच द्यावा लागतो. कंबर दुखतेय आणि लघवी अडलीय, किंवा बसण्याची जागा बधिर झालीय, किंवा पायातली ताकद जातेय, किंवा रोज बारीक ताप येऊन वजन उतरतंय, तर व्यायाम शिकवत बसायचं नाही. लगेच वर पाठवायचं. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे. आणि कर्करोगाच्या वेदनेला 'औषधाविना'चं सोवळं लावायचं नाही. तिथे मॉर्फिन हे दयेचं औषध आहे आणि ते मिळणं सोपं व्हावं म्हणूनच २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गोळीला भिणारा डॉक्टर घडवणं हा प्रशिक्षणाचा हेतू नाही. कुठे गोळी हवी आणि कुठे नको, हे ओळखणारा घडवायचा आहे.

गुडघ्याचं गणित तर आशाताईही समजावू शकते. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ओट्यावर बसून पाय सरळ ताणायचा, पाच-दहा आकडे धरून ठेवायचा, सोडायचा. मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्याची ओढाताण कमी होते. शेक घ्यायला हरकत नाही. पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे काम ज्या पद्धतीने होतं ती पद्धत, आणि याबाबत झरीकरांना दूर जायला नको. परभणीत १९७२ साली स्थापन झालेलं, आता वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जाणारं मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या गृहविज्ञान शाखेने शेतकरी बायांचे कष्ट कमी करण्यावर बरीच वर्षं काम केलंय : ओझं एका खांद्याला लोंबू न देणारा कापूसवेचणीचा पेहराव, हात सोलवटू न देणारे हातमोजे, बसून-वाकून करायच्या कामांची सुधारित अवजारं. वेदनेवरचा हा उपचारच आहे. फक्त तो कृषी विभागाच्या फाईलमध्ये असतो आणि कंबर आरोग्य विभागाच्या रजिस्टरमध्ये. दोन्ही कचेऱ्या परभणीतच आहेत. आरोग्य केंद्रातल्या एखाद्या प्रशिक्षणाला विद्यापीठातल्या बाई येऊन वेचणीची झोळी दाखवून गेल्या, तर त्या तासाइतका उपयोगी तास दुसरा होणार नाही, असं माझं मत आहे.

आता 'कसं'. इथे गोव्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या शेजारच्या साध्या सरकारी आरोग्य केंद्रांतून निघालेला इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

'संगत' ही संस्था गोव्यात १९९६पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न असा घेतला : मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून, धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या पुरुषांना आरोग्य केंद्रातच मदत करता येईल का? निवड करताना पदव्या पाहिल्या नाहीत. ऐकून घ्यायची वृत्ती पाहिली. दोन आठवडे वर्गात शिकवणी झाली. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं इथेच संपतात : प्रमाणपत्र, समूहछायाचित्र, चहा. गोव्यात त्यानंतर सहा महिन्यांची उमेदवारी होती. शिकाऊ समुपदेशक प्रत्यक्ष रुग्णांशी बोलत. रुग्णाच्या परवानगीने संभाषण ध्वनिमुद्रित होई. दर आठवड्याला सगळे एकत्र बसून एकमेकांची मुद्रणं ऐकत, ठरलेल्या तक्त्यावर गुण देत, 'इथे तू त्याला बोलू दिलं नाहीस' असं तोंडावर सांगत. तज्ज्ञ सुरुवातीला सोबत असत, मग हळूहळू बाजूला होत.

उपचारही सुटसुटीत ठेवलेला. जास्तीत जास्त चार बैठका. जागतिक आरोग्य संघटनेची दारूविषयीची दहा प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात मधल्या पट्टीत, १२ ते १९ गुणांत, येणारे पुरुष घेतले. पहिल्या बैठकीत त्याचं पिणं त्याच्याच शब्दांत त्याच्यापुढे मांडायचं आणि ते कुठे पोचलंय ते दाखवायचं. मग मित्राने ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं, तलफ आली तर ती वेळ कशी मारायची, राग आणि उदासी आली तर काय करायचं. शेवटी, घसरलं तर पुन्हा कसं उभं राहायचं. १० आरोग्य केंद्रांतले ३७७ पुरुष. निम्म्यांना नेहमीचा उपचार थोडा सुधारून, निम्म्यांना त्याच्या जोडीला समुपदेशन. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशनाच्या गटातले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले होते ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला. आकडे चमत्काराचे नाहीत. पण ज्यांना कुठलीच मदत मिळत नव्हती त्यांच्यासाठी, पदवी नसलेल्या माणसाच्या चार बैठकांनी एवढं होणं ही मोठी गोष्ट आहे.

यात किमया पुस्तिकेची नव्हती. मुद्रण ऐकणारे सहकारी होते, म्हणून ते जमलं. याला दुसरीकडूनही आधार मिळतो. प्रेरणा जागवणाऱ्या संभाषणाची पद्धत विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली पहिल्यांदा लिहून काढली. तिचा जन्मही एका प्रशिक्षणातच झाला. नॉर्वेत बर्गनजवळच्या एका दवाखान्यात तो तरुण मानसशास्त्रज्ञांना शिकवत होता, ती पोरं दारुड्याचं सोंग घेऊन समोर बसत आणि मध्येच अडवून विचारत, "आत्ता हेच का विचारलंत? दुसरं का नाही?" उत्तरं देता देता त्याला स्वतःचीच पद्धत उलगडली. पुढे हाच मिलर आपल्या कार्यशाळांचा परिणाम मोजायला बसला, आणि त्याला दिसलं की एका कार्यशाळेने लोकांचा आत्मविश्वास वाढतो, वागणं फारसं बदलत नाही. २००४ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्यशाळेनंतर ज्यांना आपल्या कामावर अभिप्राय किंवा वैयक्तिक मार्गदर्शन मिळत राहिलं, त्यांचं कौशल्य जास्त टिकलं. आपल्या पद्धतीचा असा हिशेब मांडणारे गुरू विरळा.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा नवी नाही. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं. मुक्तांगणचं एक योगदान कमी बोललं जातं : केंद्र सरकारने त्याला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र केलं आणि गावोगावच्या व्यसनमुक्ती केंद्रांतले कार्यकर्ते तिथे शिकून गेले. पूर्वी व्यसनात असलेला माणूस समुपदेशक होऊ शकतो, हे तिथे प्रत्यक्षात दिसलं. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्या बाईला नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग झालं. त्याच सर्चच्या शोधग्राममध्ये मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी मणक्याच्या रुग्णांना तपासायला जात राहिले. २०१६पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी काम जिल्हाभर सुरू झालं, तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराच्या बाह्यरुग्ण सेवेसह. एकाच संस्थेच्या अंगणात दारूही आणि कंबरही, हा योगायोग नव्हे. गावात राहणाऱ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाने एक प्रयोग झाला. गावातल्याच लोकांना नैराश्य ओळखायला आणि पहिली मदत करायला शिकवलं, दारूचा प्रश्नही त्यात होता. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुणाकडे तरी मदतीला जात होते, नंतर २७.२ टक्के जाऊ लागले. मराठवाडा-विदर्भाच्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने २०१५ साली 'प्रेरणा' प्रकल्प आणला. परभणी त्यात आहे. आशाताई घरोघर प्रश्नावली घेऊन जाते. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीतही ती तिशीवरच्या प्रत्येकाला तंबाखू आणि दारूबद्दल विचारते. म्हणजे प्रश्न विचारणं यंत्रणेत आलंय. अडतं ते उत्तर 'हो' आल्यावर. "हो, पितो" म्हटल्यावर ताई कागदावर खूण करते आणि पुढच्या घराकडे निघते, कारण पुढचं वाक्य तिला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय समोरचा पुष्कळदा चुलतदीर असतो, नाहीतर सरपंचाचा भाऊ. गावातल्या नात्यात हा प्रश्न कसा विचारायचा, हे बंगळुरूच्या 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुस्तिकेत नसतं. ते तिच्याकडूनच शिकावं लागतं. "दाजी, आजकाल जास्त होतंय का?" अशी सुरुवात ताई करील, आणि ती दहा प्रश्नांच्या चाचणीपेक्षा वाईट नाही.

डॉक्टरची मात्र एक गोष्ट चुकता कामा नये. रोज पिणारा माणूस पाय मोडून किंवा टायफॉइडने दाखल होतो, दारू एकाएकी बंद होते. सहा-बारा तासांत कापरं सुटतं. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. तिसऱ्या दिवसाच्या आसपास तो भिंतीवर किडे बघतो, नळ्या उपटतो. घरचे म्हणतात, वारं लागलं. योग्य उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. 'सोडायची तर एका झटक्यात सोड' हा बाणेदार सल्ला अशा माणसाला घातक आहे. मोजून-मापून, थोड्याच दिवसांसाठी डायझेपाम-लोरॅझेपाम, आणि ब-१ जीवनसत्त्व. हे दुसरं पैशाला पासरी मिळतं. ते न देता 'अशक्तपणा'वर ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर आधीच ब-१ने रिता असलेला मेंदू कायमचा जायबंदी होऊ शकतो. कार्ल वेर्निकेने १८८१ साली वर्णन केलेला हा विकार. सलाईन मागणाऱ्या प्रत्येक कापऱ्या हाताला आधी ब-१, एवढी एक ओळ प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावली तरी पुष्कळ.

पण झरीला बसून रोज शिकवणार कोण? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा चमू जिल्ह्याच्या ठिकाणी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परभणीत २०२३ साली सुरू झालं, तेही विसेक किलोमीटरवर. यावर एक तोडगा मूळच्या भारतीय डॉक्टरनेच काढला. संजीव अरोरा हे न्यू मेक्सिकोत यकृताचे तज्ज्ञ. राज्य विस्तीर्ण, हिपॅटायटिस-सीचे रोगी आडगावांत. २००३पासून त्यांनी दर आठवड्याला पडद्यावर खेड्यातल्या डॉक्टरांना जमवलं. प्रत्येकाने आपली एक केस मांडायची, सगळ्यांनी बोलायचं. २०११ साली आकडे आले : विद्यापीठात बरे झालेले ५७.५ टक्के, खेड्यांत ५८.२. बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने हीच रीत व्यसनोपचारासाठी २०१४पासून आणली. यात भाषणाला वेळ थोडा, केसला जास्त. 'माझ्याकडे एक बाई आहे, वय ५२, मिश्री तीस वर्षं, दोन्ही गुडघे, रोज दोन गोळ्या, लघवी कमी झालीय' असं मांडून प्रश्न विचारणारा डॉक्टर पुढच्या आठवड्यात तिचं काय झालं तेही सांगतो. गोव्यातल्या ध्वनिमुद्रणाचाच हा दुसरा अवतार.

अडचणी आहेतच. उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी आपल्याकडे बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर असतो, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आलेला, आणि कंत्राटी. मानसिक आजार व व्यसन ही आयुष्मान योजनेतल्या बारा सेवांपैकी एक, म्हणून त्याचं प्रशिक्षण होतं. तो तयार होतो तोवर बदली होते किंवा दुसरी नोकरी लागते. आशाताईला मोबदला कामागणिक. दारुड्याशी अर्धा तास बोलण्याचा दर तक्त्यात नाही. फिजिओथेरपिस्ट प्राथमिक केंद्रात नसतो. आयुर्वेदाच्या त्या पदवीधराला मात्र शेक, तेल, आसनं यांची लाज नसते आणि लोकांचाही त्यावर विश्वास असतो; त्याच्या हातात व्यायामाची नेमकी पद्धत आणि धोक्याच्या खुणा दिल्या, तर कंबरदुखीचं निम्मं काम तिथेच होईल. या माणसाकडे आपण अर्धा डॉक्टर म्हणून बघतो, ही आपली चूक.

तोपर्यंत फोन आहेत. १४४१६ हा 'टेली मानस' या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक, ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेला, १४४४६ व्यसनमुक्तीसाठी, तंबाखू सोडायची तर १८००-११-२३५६. केंद्राच्या भिंतीवर ते रंगवलेले असले तरी कापरं भरलेला माणूस भिंत वाचत नाही. चिठ्ठीच्या मागे नंबर लिहून द्यावा लागतो, आणि जमलं तर त्याच्यासमोर, आपल्याच फोनवरून, पहिला फोन लावून द्यावा लागतो. त्याला चार मिनिटं लागतात. त्या दिवशीची रांग तेवढी उशिरा सरकते.